पिन्शनीचा दिवस

आमच्या वऱ्हाडात तेव्हा सरकारचा कायदा मोठा हुशार. पिन्शनवाल्याने दर महिन्याला तहशिलीच्या खजिन्यात स्वतः जायचं, आपण जिवंत आहोत हे तोंड दाखवून पटवायचं, मगच पैसे. मला त्याचा भारी राग यायचा. बाबांना मात्र तो कायदा फार आवडायचा.

बाबा निवृत्त शाळामास्तर. पिन्शनीच्या दिवशी पहाटेच अंघोळ करून, काळा कोट चढवून ते दमणीत जाऊन बसायचे. मी बैल जुंपता जुंपता कुरकुरायचो. आता त्या वयाला आलो तर त्याच दमणीसाठी जीव तुटतो.

खामगावात खजिन्यासमोर त्यांचे एक दोस्त भेटायचे. तेही मास्तरच, शेगावकडच्या खेड्यातले. पैसे हातात पडले की दोघं हॉटेलात चहा-भज्यांवर दुपार काढायचे. महिन्यातून तेवढीच भेट, अन् बाकीचा महिना बाबा तिच्यावरच ढकलायचे.

एका हिवाळ्यात बाबांना ताप भरला. आईने ओळखी काढून खजिन्यातला माणूस घरीच बोलावला. त्याने बाबांना डोळ्यांनी पाहिलं, सही घेतली, काम झालं. आई खूश. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले.

"आता काऊन रुसले?" आईने विचारलं.

"मी खजिन्यासमोर दिसलो नाही, तं माह्या दोस्ताले काय वाटन?"

वाटायचं तेच वाटलं. दोन-चार दिवसांनी दोस्त दारात उभे. आईच्या कपाळाकडे न बघताच त्यांना रडू फुटलं. "लय वाईट झालं वैनी," म्हणाले.

आतून बाबांचा आवाज आला, "मी मेलो समजला का बे?"

मग दोघं म्हातारे गळ्यात पडून असे रडले, असे हसले, की मीच उठून अंगणात गेलो. निघताना दोस्त म्हणाले, "पुढच्या महिन्याले येजो बाप्पा."

अंगात त्राण नव्हतं, तरी बाबा पुढच्या महिन्यात गेले. पैसे मिळाले. दुपार कलली, खजिन्याची खिडकी बंद झाली. दोस्त काही आले नाहीत.

"ताप आला असन," मी म्हणालो. "त्याईच्याही घरी माणूस गेला असन."

"हाव. तसंच असन."

मी बैल जुंपले. शेगावची वाट काही फार लांब नव्हती. "गाडी तिकडं घेऊ का?" मी विचारलं.

बाबा त्या रस्त्याकडे एकदा पाहून दमणीत चढून बसले.

"नको रे," ते म्हणाले. "गेलो तं खरं काय ते समजूनच जाईन. पुढच्या महिन्याले पुन्हा येऊ."