घराला कुलूप, सबब परत

बेलीफाच्या अहवालाची भाषा मला पाठ झाली होती. ‘दिलेल्या पत्त्यावर समक्ष गेलो असता घराला कुलूप आढळून आले. शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता उपयुक्त माहिती मिळाली नाही. सबब परत.’ दोन वर्षांत चार वेळा हेच. चौथ्या वेळी मी वकिलांना म्हटले, आता तारीख बदलून झेरॉक्स काढली तरी चालेल. वकील हसले नाहीत. त्यांच्याकडे माझ्यासारखे बरेच अशील असावेत.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचा बाप तिला नणंदेच्या लग्नाला म्हणून दोन दिवसांसाठी घेऊन गेला. ते दोन दिवस तीन वर्षे चालले. मी त्याआधीच वेगळी राहत होते. गोंदियात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि बिरसीजवळच्या एका गावात शाळेवर जात होते. नोकरी सोड, असे तो म्हणायचा. मी नोकरी ठेवली आणि त्याला सोडले. हे मी जितक्या सहज लिहिते आहे तितके ते सोपे नव्हते, पण तो विषय वेगळा.

पोरीला आणले नाही म्हणून मी कोर्टात गेले. वर्षभरात निकालही लागला. मुलीचा ताबा आईकडे, आणि बापाने दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आईच्या घरी येऊन तिला भेटावे. मी पेढे घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “मॅडम, ऑर्डर मिलना अलग बात है, बच्ची मिलना अलग.” पेढे मी परत आणले नाहीत, पण आणावेसे वाटले.

मग दरखास्त केली. दरखास्त म्हणजे कोर्टाचा हुकूम पाळला जावा म्हणून कोर्टालाच पुन्हा केलेली विनंती. तीही पाळली गेली नाही, तेव्हा अवमान अर्ज केला. त्यात लिहिले होते की सामनेवाल्याने कोर्टाचा हेतुपुरस्सर अवमान केला आहे. माझा अवमान कधीपासून चालला होता, पण त्यासाठी छापील अर्ज नसतो. तारखेला तो स्वतः येत नसे, त्याचा वकील येई आणि कारण सांगे. एकदा कारण असे होते की अशील तेंदूपाने गोळा करायच्या फडीवर मुन्शी असल्याने हंगामात येऊ शकत नाही. तेंदूचा हंगाम भर उन्हाळ्यात असतो. ती तारीख श्रावणातली होती.

सासर सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. बेलीफ एसटीतून फाट्यावर उतरला की पानठेल्यावरून कोणीतरी वर्दी द्यायला सायकल दामटायचे. बेलीफ तळ्याच्या पाळीवरून चालत गावात पोचेपर्यंत सगळे घर, माझ्या पोरीसकट, मागच्या दाराने निघालेले असे आणि पुढच्या दाराला कुलूप लागलेले असे. हे मला बेलीफानेच सांगितले. देवरीकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस होता. कुलपाबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. कुलूप हा त्याच्या धंद्यातला नेहमीचा भाग होता.

राग माझ्याकडे पुरेसा होता. शाळेत मुलांना फळ्यावर गणित घालताना मी त्या कुलपाचा विचार करत असे. आणि असाच विचार करताना, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका दुपारी, मला मंडई आठवली.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी दंडार, म्हणजे गावातल्या पुरुषांचा नाचगाण्याचा खेळ, होते, दुकाने लागतात आणि घरोघर पाहुणे येतात. बोलावलेले येतात, न बोलावलेलेही येतात, आणि कोणालाही परत पाठवत नाहीत. मंडईच्या दिवशी घराला कुलूप म्हणजे त्या घरात काहीतरी वाईट झाले, किंवा त्या घरची माणसे दरिद्री मनाची. सासूने एक वेळ तुरुंग पत्करला असता, पण हे बोलणे पत्करले नसते. सासरच्या गावची मंडई उशिरा असते, दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडल्यावर.

मी बेलीफाला दिवस सांगितला.

“बाई, मंडईच्या दिवशी जप्तीवाल्यावानी जाचं?”

“घर उघडं राहील.”

“ते तं खरं हाय. मंडईले कोन कुलूप लावते?” मग म्हणाला, “त्या गावची दंडार चांगली रायते म्हन्तात.”

आम्ही तिघे गेलो, मी, तो आणि एक महिला पोलीस शिपाई. फाट्यावर इतकी माणसे उतरत होती की आमची वर्दी द्यायला कोणाला सुचलेच नाही. घराचे दार सताड उघडे होते. अंगणात सतरंज्यांवर चार गावचे पाहुणे अनरसे खात बसले होते. सासूने मला पाहिले. तिचे तोंड पाहून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. चार गावांसमोर ती मला हाकलू शकत नव्हती. ती एवढेच म्हणाली, “बस.” आणि मग, सवयीने, आत तोंड करून म्हणाली, “पाहुन्यायले पानी आन वो.”

पाणी घेऊन माझी मुलगी आली.

उंच झाली होती. केस कापले होते. दोन्ही हातांनी लोटा धरून ती सांडू न देता चालत होती, आणि सगळे लक्ष लोट्याकडे होते. मला नीट दिसेना. मी रडणार नाही असे एसटीत बसतानाच ठरवले होते. तिने लोटा माझ्यासमोर धरला आणि घरात शिकवलेला प्रश्न विचारला, “तुमी कोन्या गावच्या?”

मी म्हणाले, “गोंदियाची.”

“माही माय बी गोंदियाले रायते. वळखता काय?”

मी पाणी पिऊन टाकले. बेलीफ कागदात डोके घालून बसला. शेवटी मी म्हणाले, “ओळखते. तिच्याकडेच न्यायला आली.”

तेवढ्यात कोणी जाऊन सांगितल्यामुळे तिचा बाप धावत आला. तो दंडारीत बाईचे काम करायचा, हे मी विसरले होते. नऊवारी, अंबाडा, हातभर बांगड्या, कपाळाला मोठे कुंकू. दम लागला होता.

“काऊन आलीस? आजचाच दिवस भेटला तुले?”

“बाकी दिवशी तू भेटत नाहीस.”

बेलीफाने आदेश वाचून दाखवला आणि सहीसाठी कागद पुढे केला. माझ्या नवऱ्याने बांगड्या मागे सारून सही केली. त्याच्या डोळ्यातले काजळ गालावर उतरले होते. मी ते पाहिले आणि मला बरे वाटले. बेलीफाने अहवाल लिहिला, ‘सामनेवाला व मुलगी घरी मिळून आले,’ आणि कोणत्या पोशाखात ते लिहिले नाही. मुलगी महिला शिपायाची टोपी बघत बघत बाहेर आली. तिने वेशीपर्यंत तीनदा मागे वळून पाहिले. तीन वर्षे मी याच दिवसाची वाट पाहिली होती, आणि सासरची सगळी माणसे दारात उभी होती.

आता इथे थांबले असते तर माझी बाजू चांगली दिसली असती.

महिन्याचा दुसरा रविवार आला. आदेशाप्रमाणे तो सकाळच्या गाडीने येणार होता. मला रात्रभर एकच वाटत होते की तो तिला दोन दिवसांसाठी म्हणून पुन्हा नेईल. सकाळी उठून मी बाजारात गेले आणि एक जाड कुलूप विकत आणले. घरातले जुने चांगले चालत होते. दाराला नवे कुलूप लावून मी पोरीला घेऊन समोर घरमालकिणीकडे जाऊन बसले. तो आला, कुलूप पाहिले, तासभर पायरीवर बसला आणि निघून गेला. चौथ्या रविवारी मी पुन्हा तेच केले.

पुढच्या आठवड्यात तोच बेलीफ शाळेत आला. आता अवमान अर्ज माझ्याविरुद्ध होता. मुलांसमोर त्याने आवाज खाली केला. “बाई, तुमच्याबी घराले कुलूप?” मी म्हणाले, घरी नव्हते. तो म्हणाला, “सारेच नसतात.” मी सही केली. माझ्या हातात बांगड्या दोनच होत्या, मागे साराव्या लागल्या नाहीत.

त्यानंतरच्या भेटीच्या रविवारीही मी कुलूप लावलेच. नोटीस आल्यावरही लावले, हे लिहायला लाज वाटते. भीती नोटिशीपेक्षा मोठी होती. तो आला. हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. कुलपाकडे पाहून त्याने चपला काढल्या आणि पायरीवर बसला, आता सवय झाल्यासारखा. आम्ही घरमालकिणीच्या खिडकीआड होतो. पोरगी गजांना धरून उभी होती. मला वाटले, ओरडेल, रडेल, बाबा म्हणून हाक मारेल. तिने त्यातले काहीच केले नाही. तिने माझ्याकडे वळून विचारले, “माय, दारावर आलेल्याले पानी तं देत असतेत ना?”

माझ्याकडे उत्तर होते. मी शिक्षिका आहे, माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. पण तिने उत्तराची वाट पाहिली नाही. घरमालकिणीच्या माठातून लोटा भरला आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, रस्ता ओलांडून गेली. मी तिच्यामागे गेले. तिने लोटा बापासमोर धरला. त्याने घेतला, पण प्यायला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. तसे मंडईच्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिले होते की नाही, आठवत नाही.

मी पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि पोरीच्या हातात दिली. कडी तिच्यासाठी उंच होती. टाचा उंचावूनही हात पुरेना. मी जागची हलले नाही. मग त्याने लोटा पायरीवर ठेवला, तिच्या हातून किल्ली घेतली आणि माझ्या घराचे कुलूप उघडले. किल्लीसकट ते माझ्या हातात दिले आणि दार ढकलून बाहेरच उभा राहिला.

“ये ना बाबा,” ती म्हणाली. तो माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

मी म्हणाले, “बस.”