उरलेली बाही

शिवणकाम करणाऱ्या आक्काला पाठचे भाऊ दोन, आणि दोघांची मिळून अक्कल एका माणसापुरतीही नव्हती. हे तिचंच मत. ती ते त्यांच्या तोंडावर सांगे.

डोंगरातल्या झऱ्याखाली गावाने स्वतः टाकी बांधली. पाणी समितीचा नियम साधा होता: ज्याच्या दारावरून पाइप जाईल, त्याने आपल्यापुरता चर खणायचा. सगळ्यांनी खणला. थोरल्याने आपल्या कुंपणापर्यंत, धाकट्याने आपल्या. दोन कुंपणांमधली पट्टी तेवढी राहिली. जेमतेम एक म्हैस बसेल एवढी.

"ती त्याची," थोरला म्हणाला.

"वाटणीत त्याच्याकडे गेली," धाकटा म्हणाला.

वाटणीच्या वेळी याच पट्टीसाठी दोघे एकमेकांच्या उरावर बसले होते.

पाइप जोडल्याशिवाय पाणी सोडता येईना. भावकीच्या भांडणात पडायला कुणी तयार नव्हतं. गाव ओढ्याचं गढूळ पाणी पीत राहिलं. दोघांच्या बायका गप्पा मारत बरोबरच ओढ्यावर जात. नवरे आपापल्या ओट्यावर बसून तत्त्व सांभाळत.

आक्काची लेक तान्हं बाळ घेऊन आली होती. त्या पाण्याने बाळाला जुलाब लागले. कसंबसं निभावलं. जावई बजावून गेला, "आई, टाकीच्या उद्घाटनाला येतो. नळाला पाणी नसेल तर दोघांना घेऊन जाईन. पुन्हा पाठवणार नाही." त्याचं काही चुकत नव्हतं.

आक्का कुदळ घेऊन पट्टीवर गेली. दोन्ही भाऊ धावत आले.

"तू खणलीस तर त्याची बाजू घेतलीस असं समजेन," दोघे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं.

तिने कुदळ खाली ठेवली. घरी जाऊन मशीनवर बसली.

उद्घाटनाला पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून दोघांनी तिच्याकडे नवे सदरे टाकले होते. थोरल्याचं कापड निळ्या पट्ट्यांचं. धाकट्याने मुद्दाम वेगळं, तपकिरी आणलेलं. आदल्या दिवशी दोघे सदरे न्यायला आले. दोन्ही सदऱ्यांना एकेकच बाही.

"आक्का, ही काय शिलाई झाली?"

"चर खणलात, तशीच."

"अगं, उद्या पाहुणे येणार."

"येऊ देत. त्यांनाही ओढ्यावर नेऊ."

नाक दाबलं की तोंड उघडतं. सकाळी दोघे पट्टीवर उतरले, एकमेकांकडे पाठ करून. पाइप जोडला तेव्हा पाहुण्यांची गाडी वेशीत शिरत होती. दोघे चिखलाने माखलेले, अंगात नुसती बनियनं. आक्काने घडी घातलेले सदरे हातात दिले. त्यांनी ते घाईघाईने चढवले.

थोरल्याच्या निळ्या पट्ट्यांना एक बाही तपकिरी. धाकट्याच्या तपकिरीला एक निळ्या पट्ट्यांची.

काढायला वेळ नव्हता. फोटो निघाला. थोरल्याने एकजुटीवर भाषणही ठोकलं, तपकिरी हात उंचावून. धाकट्याने मान डोलावली. आक्काला त्यांची लाज वाटली नाही. कीव तर नाहीच नाही. एवढ्याशा मातीपायी नातवाचा जीव जाणार होता, आणि हे आता टाळ्या घेत होते.

तिच्या दारातला नळ खाकरला. आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ. तिने पेला भरून जावयापुढे धरला. त्याने तो उजेडात धरून पाहिला आणि पाणी प्यायलं. दाराशी बांधून ठेवलेली लेकीची पिशवी त्याने उचलून आत नेली.

भाऊ दारात आले. "आक्का, एवढी बाही बदलून दे ना."

"आत्ता नाही," ती म्हणाली. "पाणी भरतेय."