फोनमधल्या बाईचा उन्हाळी रस्ता

कोहमाऱ्याहून भाचीच्या नव्या सासरी स्कूटरने निघालो होतो. तिने फोनवर नकाशा पाठवला आणि बजावलं, "मामा, आता कोनाले रस्ता विचारू नका."

नाही विचारला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "उजवीकडे वळा." वळलो. पाऊलवाट वाटली तो भातशेतीचा धुरा, म्हणजे बांध, निघाला आणि स्कूटर घसरून थेट पाणी भरलेल्या बांधीत, भाताच्या खाचरात!

उन्हाळ्यात बांध्या कोरड्या पडल्या की आमच्याकडे सगळेच शेतातून गाड्या हाणतात. ते बघून बाईने तोच पक्का रस्ता धरला असणार. आता पावसाळा लागलाय हे तिला कोणी सांगावं?

भाताची रोवणी करणाऱ्या बाया कमरा सरळ करून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "काऊन गा भाऊ, कुठी जाऊन राहिला?"

माझ्या आधी खिसाच बोलला, "सरळ जा."

"हे कोन होय?"

"रस्ता सांगणारी बाई."

"धुऱ्यावरून हुकूम सोडाले काय लागते? तिले म्हना, आधी चिखलात उतर, रोपांची एक पेंडी लाव, मंग सांगजो रस्ता."

स्कूटर त्यांनीच ओढून काढली. बाईच्या वाट्याची पेंडी मात्र मला लावावी लागली.