घरटी एक मत

चहा समुद्रात फेकला, इथपर्यंत मी त्यांच्या बाजूची होते. पुढचं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

माझी नात इथे वॉटफर्डला कॉलेजात जाते, इतिहास घेतलाय. परीक्षेच्या आधी ती सगळं मला मराठीत सांगते. आजीला समजलं म्हणजे मला समजलं, असं ती म्हणते. मी चौथी शिकलेली. तिच्या कामाला मी बरी पडते, कारण माझ्यासमोर तिला इंग्रजी शब्द टाकून सुटता येत नाही. मी मेथी निवडत बसते, ती ओट्यावर चढून पाय हलवत सांगत राहते. तिचं मराठी इथलंच आहे, कशाचंही लिंग कुठेही जातं. मी टोकत नाही. टोकलं की ती इंग्रजीत जाते आणि मग मी बाहेर राहते.

यंदा अमेरिका होती. इथून, म्हणजे याच इंग्लंडातून, लोक जहाजात बसून तिकडे गेले. कुणाला त्यांचा धर्म पाळू देत नव्हते, कुणाला नुसती जमीन हवी होती. तिथे आधीपासून माणसं राहत होती, त्यांना मागे मागे सारत गेले. वस्त्या वाढल्या, प्रत्येक वस्तीची आपली सभा झाली. मग इथल्या राजाने आणि पार्लमेंटने त्यांच्यावर कर बसवले. कागदावर कर, चहावर कर. ते म्हणाले, तुमच्या पार्लमेंटात आमचा एक माणूस नाही, मग आम्हाला न विचारता आमच्यावर कर कसा लावता?

"मग पार्लमेंट काय म्हणालं?" मी विचारलं.

"ते म्हणाले, तुमचा माणूस नसला तरी आम्ही बसलो आहोत ना. आम्ही सगळ्यांचीच विचार करतो. इथेही कितीतरी लोकांना मत नाही, त्यांचीपण आम्हीच करतो."

"अस्सं," मी म्हटलं. मला फार राग आला. कुणी माझ्या ताटातलं उचलून खावं आणि तुझंही पोट भरलं म्हणावं, तसं ते वाटलं.

मग एका बंदरात त्यांनी चहाच्या पेट्या पाण्यात टाकल्या. बायकांनी चहा पिणं सोडलं. इंग्लंडचं कापड नको म्हणून घरी सूत कातायला बसल्या. हे ऐकून मी मेथीची जुडी खाली ठेवली. चहा सोडणं काय असतं ते मला माहीत आहे. मी एकदा डॉक्टरच्या सांगण्यावरून सोडला होता, घरातलं कुणी माझ्याशी बोलायला धजत नव्हतं.

याच आठवड्यात आमच्या मंडळाची घटना लिहिली जात होती, म्हणून हे सगळं माझ्या जास्तच मनाला लागलं असेल.

आमच्या बौद्ध लोकांचं इथे मंडळ आहे. बहुतेक जण नागपूरचे, काही पुण्याचे. कंपन्यांत नोकरीला आले आणि राहिले. मंडळाला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक हॉल आठवड्यातून एक दुपार मिळतो, बुधवारची. त्या दुपारी आम्ही म्हाताऱ्या जमतो. वंदना घेतो, चहा करतो, कुणी विणकाम आणतं, कुणी सुनेची गाऱ्हाणी आणतं. बाकी दिवस माझा मुलगा ब्रॅकनेलला ऑफिसात असतो, सून लंडनला, नात कॉलेजात. मला इंग्रजी येत नाही आणि मी मुळातच लाजाळू. बसमध्ये कुणी हसून काही विचारलं तर मी खिडकीकडे बघते. बुधवार सोडला तर माझा आवाज घराबाहेर पडत नाही.

मंडळाला आता रीतसर नोंदणी करायची होती. त्याला घटना लागते. आमच्या लोकांना घटना हा शब्द परका नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत ज्यांची तसबीर आहे त्यांनी देशाची घटना लिहिली. त्या घटनेनं माझ्या आईला मत दिलं. आईला सही येत नव्हती, पण मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि गावच्या पाटलाच्या बायकोच्या मागे त्याच रांगेत उभी राहायची. घरी येऊन बोटावरची शाई आम्हा पोरांना दाखवायची.

आणि तीच तसबीर हॉलमध्ये लावून आमच्या कमिटीने लिहिलं होतं, घरटी एक मत. ते घरातल्या कर्त्याने द्यायचं. त्याच सभेत दुसरं ठरवायचं होतं, बुधवारची दुपार मुलांच्या कोडिंगच्या क्लासला द्यायची.

मुलाने हे जेवताना सांगितलं.

"एका घरातून एकच मत असलं की सुटसुटीत होतं. आपल्या घराचं मी देईन," तो म्हणाला.

"काय देणार?" मी विचारलं.

"क्लासला देणार. आई, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे. तुम्ही बायका काय, कुणाच्याही घरी बसू शकता."

"कुणाच्या घरी?"

"बघू ना. मी आहे ना. तुझा विचार मी नाही करणार तर कोण करणार?"

नात ताटातून वर बघून म्हणाली, "बाबा, हे सेम पार्लमेंटची उत्तर आहे."

"कुठल्या पार्लमेंटचं?"

तिने चहाच्या पेट्यांपासून सगळं सांगितलं. मुलगा हसला. "म्हणजे मी इंग्लंडचा राजा आणि तुझी आजी अमेरिका? बरं. आई, उद्या सकाळचा चहा फेकू नकोस म्हणजे झालं."

सून जेवत राहिली. नंतर भांडी डिशवॉशरमध्ये लावताना हळूच म्हणाली, "आई, मलाही कुठे विचारलं? माझंही तेच घर आहे ना." ती नवऱ्याइतकीच नोकरी करते. मला तिचाही राग आला, मुलासमोर का बोलली नाही म्हणून. पण मीही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नातीने पुढचं सांगितलं. युद्ध झालं, राजा हरला. युद्ध चालू असतानाच त्या लोकांनी जाहीर केलं, सगळी माणसं जन्मतः समान आहेत. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण आजी, ज्याने हे लिहिला त्याच्याकडेच गुलाम होते. खूप."

"लिहिलं तेव्हा?"

"हो, तेव्हा."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, तिच्या मराठीत काहीतरी उलटं झालं असेल. नव्हतं झालं. पुढे काही वर्षांनी घटना लिहायला ते एका सभागृहात बसले, भर उन्हाळ्यात, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. आत वाद काय, तर गुलाम मोजायचे की नाही. ज्यांच्याकडे गुलाम होते ते म्हणाले, मोजा. कारण जितकी डोकी जास्त तितके त्यांचे लोक सभेत जास्त. दुसरे म्हणाले, मोजू नका. शेवटी ठरलं, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची.

"मग त्या पाचांना मतं तीन?" मी विचारलं.

"नाही. मतं झिरो. नुसतं मोजायचा."

त्या दिवशी मी कणीक मळली ती इतकी घट्ट झाली की पोळ्या कडक झाल्या. कुणाला मोजायचं आणि त्याचं मोजणं त्याच्याच मालकाच्या पदरात टाकायचं. नुसतं वगळलं असतं तर मी समजू शकले असते, वगळणारे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहिलेत. हे त्याहून हलकट होतं. एका पुढाऱ्याच्या बायकोने म्हणे नवऱ्याला लिहिलं होतं, नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा. नवऱ्याने चेष्टेवारी नेलं. चहा सोडलेल्या, सूत कातलेल्या बायका तिथेच राहिल्या. आणि पेट्या फेकायला जाताना त्या लोकांनी सोंग कुणाचं घेतलं होतं, तर ज्यांची जमीन घेतली त्या मूळच्या माणसांचं. हे मला नातीने अगदी शेवटी सांगितलं, गंमत म्हणून. मला गंमत वाटली नाही.

रविवारी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम आणि सभा एकत्रच होती. आमची पद्धत अशी, वंदना झाली की बायका स्वयंपाकघरात जातात आणि पुरुष सभा घेतात. सभा संपायच्या वेळी पुऱ्या गरम हव्यात म्हणून. त्या हॉलचं स्वयंपाकघराचं दार आगीसाठीचं आहे. ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर तळणाच्या धुराने अलार्म वाजतो. वाढायला जी खिडकी आहे तिचं शटरही सभेला आवाज नको म्हणून ओढून घेतात. आम्ही सातआठ जणी आत, खीर झालेली, बटाट्याची भाजी झालेली, मी तळायला उभी. सून पुऱ्या लाटत होती. नागपूरची माझी मैत्रीण, माझ्याच वयाची, खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम देत होती.

शटर खालून बोटभर उघडं राहिलं होतं. अध्यक्षांचा आवाज येत होता. अध्यक्ष म्हणजे माझ्या मुलाचाच मित्र, चांगला मुलगा आहे, मला काकू म्हणतो. तो सांगत होता, हॉल आपल्याला कमी भाड्यात मिळतो कारण आपण कौन्सिलला सगळी माणसं दाखवली आहेत. ज्येष्ठ, महिला, मुलं, सगळे धरून. त्यामुळे आपला आकडा मोठा दिसतो. टाळ्या झाल्या. मग तो म्हणाला, आता मतदान, घरटी एक हात.

माझ्या हातात पुरी होती. तेल तापलं होतं. मी पुरी परातीत परत ठेवली आणि गॅस बंद केला.

"काय करून राहिली तू?" मैत्रीण म्हणाली. "तेल उतरून जाईन ना."

"कौन्सिलला दाखवायला आपण आहोत," मी म्हटलं. "हात वर करायला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शटरकडे पाहिलं. "चाल," ती म्हणाली आणि खुर्चीचा आधार घेऊन उठली.

दार मी उघडलं. हॉलमध्ये सगळे वळून बघायला लागले. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात वर केला. कोपरापर्यंत कणीक होती.

"काकू, पुऱ्या झाल्या का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"आमचे हात मोजा. मग तळते."

कुणीतरी हसलं. अध्यक्षही हसून म्हणाला, "काकू, तुमच्या घरचा हात वर आहे ना. हा काय, दादाचा." माझा मुलगा दुसऱ्या रांगेत हात वर करून बसला होता. त्याने तो अर्धा खाली घेतला.

"तो त्याचा हात होय," मैत्रीण म्हणाली. "हिचा हिच्या खांद्याले लागला आहे. डोळे उघडून पाय."

आता जास्त लोक हसले. माझ्या मागे सून येऊन उभी राहिली. लाटणं तिच्या हातातच होतं, तेच तिने वर केलं. मग बाकीच्या. नात मागच्या खुर्च्यांवर मुलांत बसली होती, तिचं वय मत द्यायचं नाही, तरी तिने केला. अध्यक्ष म्हणाला, घटनेचा मसुदा असा ऐन वेळी बदलता येत नाही. आम्ही तुमच्यासाठीच तर करतोय, काकू. मला दोन वाक्यांपलीकडे लोकांत बोलता येत नाही आणि माझी दोन्ही झाली होती. मी हात तेवढा खाली घेतला नाही. शेवटी तो म्हणाला, सभा तहकूब, पुढच्या महिन्यात बघू.

गॅस मी लावला नाही. हात मोजले नव्हते. कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणला आणि बुद्धपौर्णिमेला आमच्या मंडळाने पांढऱ्या ब्रेडबरोबर बटाट्याची भाजी खाल्ली. हात मोजण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं. त्याचा मला अजून संताप आहे. ब्रेड ओला होऊन हातात तुटत होता आणि माणसं मुकाट्याने खात होती. खीर तेवढी सगळ्यांनी दोनदा घेतली.

गाडीत मुलगा म्हणाला, "आई, तू मला घरी सांगितलं असतंस तर मीच तुझ्या वतीने हात वर केला असता."

"केला होतास की," मी म्हटलं. "क्लाससाठी."

त्याने गाडीतला रेडिओ लावला. सून खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

काल मंडळाचा निरोप आला. सून वाचून दाखवत होती. मसुदा तोच आहे, घरटी एक मत, बुधवारचा क्लासही तसाच. बदल एकच केला आहे. पुढच्या सभेला महिलांना त्रास नको म्हणून जेवण बाहेरून मागवलं आहे.

इतकी शिकलेली माणसं, त्यांना हे सुचलं. मी निरोप दोनदा वाचायला लावला. मग मैत्रिणीला फोन केला.

"म्हणजे त्या दिवशी आतमधी कोणीच नाही?" ती म्हणाली.

"कोणीच नाही."

"मग मी पुढच्या रांगेत बसतो. तुझी जागा धरून ठेवतो. उशीर नको करू."

मी नातीला आधीच सांगून ठेवलं आहे, त्या रविवारी मला ठेवणीतली साडी काढून द्यायची.