चौगुले गुरुजींची मुंबई

मास्तरांच्या खोलीत खडूची भुकटी आणि किस्से रोज झाडले तरी साठतातच! पन्नास सालच्या आसपास मी कोल्हापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवायचो. तिथले निम्मे किस्से भूगोलाच्या चौगुले गुरुजींचे. माणूस कागलकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आवाज असा, की वर्ग त्यांचा आणि ऐकायची सगळी शाळा!

मुंबई हा त्यांचा लाडका धडा. सात बेटं, बंदर, गोद्या, गिरण्या, सगळा नकाशा पाठ. एकदा एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही समुद्र बघितलाय?"

"न्हाय की! सूर्य तरी कुठं जवळनं बघितलाय? शिकवतोय न्हवं?"

*

एकदा इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी मागच्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. "मुंबईची लोकसंख्या का वाढते?"

पोरगं म्हणालं, "आधी थोरला दादा गेला. मग वैनी गेली. आता धाकला काका जातो म्हणतोय."

साहेब चष्मा पुसायला लागले. गुरुजी म्हणाले, "सायेब, पुस्तकात एवढं ताजं न्हाय बघा!"

*

पुढं रत्नागिरीला सहल निघाली. आंबा घाटात एस.टी.मध्ये निम्मी पोरं ओकली, गुरुजी ठणठणीत. किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र त्यांचा आवाजच बसला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते पाण्याशी उभे राहिले. मग ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि वळून ओरडले,

"पोरांनो, पुस्तकात लिवलंय ते खरं हाय!"

*

पण खरा किस्सा शिरगणतीचा. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली, आणि घरोघर फिरायचं काम आम्हा मास्तरांवर. शाहूपुरीतल्या एका बोळात आम्ही दोघं सोनाक्काकडे गेलो. विधवा बाई, एका खोलीत राहायची.

"घरात माणसं किती?"

"दोन. मी आन् माझा बाबू."

"बाबू कुठाय?"

"म्हमईला, गिरणीत. चार वर्सं झाली."

"मग आक्का, त्यो तिकडं मोजायचा. हितं न्हाय."

"म्हंजे माझ्या घरात मी एकलीच?"

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. आक्कानं केलेला चहा प्याले. मग एक आकडा लिहिला. आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो तशी ती म्हणाली, "तिकडच्या मास्तरला सांगा, माझा बाबू मोजायचा ऱ्हाऊ देऊ नगा म्हणावं. दोन वर्सं झाली, पत्र न्हाय त्याचं."

गुरुजींनी तिच्याकडून परळच्या चाळीचा पत्ता घेतला आणि चाळीजवळच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या नावानं खरंच कार्ड टाकलं! मास्तरांच्या खोलीत आम्ही पोट धरधरून हसलो.

महिन्याभरानं उत्तर आलं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चला. मला एकट्याला जमायचं न्हाय."

सोनाक्का दारातच तांदूळ निवडत बसली होती. गुरुजींचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. त्यांनी हळूच वाचलं, "तुमचा बाबू खुशाल आहे. मोजला. त्याच्या बिऱ्हाडात माणसं तीन."

सोनाक्काचा हात सुपातच थांबला. आम्ही दोघं जमिनीकडं बघत उभे.

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली,

"तिसरं काय हाय, पोरगा का पोरगी? लिवलंय का त्यात?"