काकाच्या वावरातले बेल

दिवाळीनंतर माय फोनवर कौतुकानं सांगायची, "तुझे काका लई बदलले गं. रोज पहाटं आंघोळ करून बेलाला तांब्याभर पाणी घालून राहिलेत. मी लांबूनच हात जोडते." मी इकडं मुरुडजवळच्या रोपवाटिकेत कुंड्या भरता भरता ऐकायची आणि मलाही बरं वाटायचं.

तो बेल इस्लापूरकडच्या आमच्या वावरात, बांधावर. पलीकडं काकाचं वावर. वडील गेल्यावर बांध कुठून जातो हे सांगायला तेवढा बेलच उरला. तो वाळला की काका बांध नांगरून आमच्यात घुसणार, हे माय सोडून सगळ्यांना कळत होतं. पण आमच्याकडं बेलाला कुऱ्हाड कुणी लावत नाही. आपोआप वाळला तर गोष्ट वेगळी.

पौषात माय म्हणाली, "बेलाची पानं गळून राहिलीत." बेलाची पानझड चैत्रातली. मी लगेच गावी जायचं म्हटलं. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना मी ताई म्हणते. आठवीत शाळा सोडून इतक्या लांब आले तेव्हा त्यांनी आधी जेवू घातलं, मग काम दिलं. त्यांनी काही न विचारता गाडीभाडं हातावर ठेवलं. वर "खाऊन जा," म्हणाल्या.

गावी गेले. पानं गळली होती ती आमच्या बाजूची. बुडाशी, आमच्याच अंगाला, मातीवर निळसर खपली होती. मोरचूद मला वासावाचून कळतो, फवारणीला मीच भिजवते. लोखंडी बादलीत तो भिजवत नाहीत, बादली खातो. तांब्याचं भांडं त्याला चालतं, आणि काकाचा पूजेचा तांब्या तांब्याचाच. काकाच्या बाजूला हळदीचं पीक उभं होतं, म्हणून तिकडं थेंबही नव्हता.

उकरलं तर मुळं तपकिरी, आखूड, टोकं बोथट, बारीक तंतू एक नाही. अशी टोकं मी पाहिली होती. मोठ्या झाडांच्या कुंड्यांना ताई आतून तांब्याचा रंग देतात. साध्या कुंडीत मूळ चुंबळीसारखं गोल फिरत बसतं. रंगाच्या कुंडीत काठाला टोक लागलं की तिथंच थांबतं आणि मागून नवी मुळं फुटतात. "तांबं मुळाला हवंच असतं," ताई सांगायच्या, "पण चिमटीच्याही चिमटीएवढं. जास्त झालं की टोक करपतं."

मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "देवाच्या झाडाला कोण असं करील?" ज्या माणसाला तिनं हात जोडले होते, त्याच्या हळदीत बादलीभर मोरचूद ओतायचा, असं मी ठरवलं. तसा ताईंना फोनही केला.

"हळदीनं तुझं काय वाईट केलं?" त्या म्हणाल्या. "बेल मेलाय का?"

"अर्धा."

"तुमची काळी माती तांबं धरून ठेवते, खोल जाऊ देत नाही. वरची निळी माती काढून टाक, शेणखत घाल. पलीकडची मुळं धड आहेत. बेल आता तिकडंच हातपाय पसरणार. उन्हाळ्यात तुझा काका नांगर घालतो ना?"

"बांधाला घासून."

"घालू दे. बेलाचं मूळ तुटलं की तिथून फूट येते."

मी खत घातलं आणि परत आले. रोज सकाळी मायला एकच विचारायची, "हाय का पान?" उन्हाळा सगळा धास्तीत गेला. आषाढात ती हळूच हसली. बेलाला पालवी होती, आणि काकाच्या वावरात, नांगरानं पाडलेल्या तासातासांतून, बेलाची रोपं वर आली होती.

"श्रावणात ट्रॅक्टर घालून उपटणार म्हणतात काका," ती म्हणाली. "मी रोपांना कुंकू लावू का?"

"लाव. श्रावणी सोमवारी लाव. बायका बेलाला येतात तेव्हा."

श्रावणातल्या त्या सोमवारी मी मुद्दाम गेले. मायनं एकेका रोपाला हळदकुंकू लावलं, मागून आलेल्या बायकांनीही लावलं. ट्रॅक्टरवाल्यानं ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "ह्यावरून मी न्हाई घालत," तो काकांना म्हणाला.

मी पदर सावरून काकांच्या पाया पडले. "काका, तुम्ही मोठ्या बेलाला रोज पाणी घातलंत. ही त्याचीच पोरं. ह्यांनाही घाला की पहाटं. तांब्या हाय ना घरी?"

बायका कौतुकानं त्यांच्याकडं बघत होत्या.

"घालतो," ते म्हणाले.

आता त्यांच्या वावरात बांधाकडचा पट्टा पडीकच असतो. मी इथून अजून रोज विचारते, "काका पाणी घालून राहिलेत का?"

"घालतात की," माय म्हणते. "तांब्या रिकामाच आणायला सांगितलाय. पाणी मी माझ्या कळशीतून ओतून देते."