तीन राजांचे झगे

भाचीबद्दल मामांना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. मोठ्या बहिणीची धाकटी लेक, लहानपणापासून बोलायचं थांबत नसे, म्हणून घरादारात ‘टकळी’च. ऑफिसात ती नेमकं काय करते हे त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली होती. तिच्या चहात साखर किती, हेही त्यांना धड सांगता आलं नसतं. पण राजे हरवले त्या दिवशी ती जेवढी दिसली, तेवढी त्यांनी मनात जपून ठेवली.

मामांचा धंदा कपडेपटाचा. राजे, शिपाई, डॉक्टर, भुतं, जे लागेल त्याचे कपडे नाटकवाल्यांना भाड्याने द्यायचे. जुन्या गोदामात कुठला झगा कुठल्या खुंटीवर आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मग गोदाम बदललं. नव्या जागेत प्रत्येक कपड्याला नंबराचा बिल्ला लागला, सगळं त्या नंबरांप्रमाणे पेट्यांत बंद झालं आणि मामांची आठवण जुन्याच खुंट्यांवर लटकत राहिली.

टकळीने कॉम्प्युटर आणून बसवला. बिल्ल्याचा नंबर टाकला की कपड्याची सगळी माहिती हजर.

“पण नंबर कोण विचारतं गं?” मामा चाचरत म्हणाले. “लोक म्हणतात, राजा द्या.”

“तेच तर! या डेटाबेसला फक्त नंबराची किल्ली कळते. ‘राजा’ म्हटलं तर बिचारा पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत धुंडाळत बसेल. म्हणून आपण त्याला आणखी एक दुय्यम किल्ली करून देऊ. ‘राजा’ या किल्लीखाली झग्याचा नंबर. नंबर मिळाला की झगा मिळाला.”

“म्हणजे पत्ता माहीत नाही, पण पत्ता ठाऊक असलेली मावशी माहीत आहे.”

“मामा! हे मी ऑफिसात सांगणार.”

एका शनिवारी सकाळी नाटक मंडळीच्या व्यवस्थापक बाई आल्या. नाटकात तीन भाऊ, तिघेही स्वतःला राजा समजणारे, आणि प्रयोग त्याच संध्याकाळी. मामा कधी नव्हे ते छातीठोकपणे म्हणाले, “आत्ता देतो.” त्यांनी ‘राजा’ टाईप केलं. एक झगा आला. पुन्हा टाईप केलं. तोच एक.

“बाकीचे लढाईवर गेलेत की काय?” बाई म्हणाल्या. “एक राजा आणि दोन बनियनवाले उभे करू का मी? जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरं दुकान बघते.”

मामा शब्द तर देऊन बसले होते. सगळ्या पेट्या उचकायच्या तर रात्र झाली असती. त्यांनी भाचीला फोन लावला. ती ओल्या केसांनीच धावत आली.

“माझ्या हातून पुसलं गेलं बहुतेक,” मामा पुटपुटले. “हे माझं काम नव्हेच गं.”

टकळीने पडद्यावर नजर टाकली, कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटली.

“तुमच्या नाही, माझ्या हातून! मी सगळ्या राजांना एकच किल्ली दिली. दुसरा नोंदवला की पहिल्याचा नंबर पुसला, तिसरा आला की दुसऱ्याचा. शेवटी आला तो गादीवर!”

“आणि बाकीचे?”

“पेटीत सुखरूप. त्यांची मूळ नोंदही शाबूत. भुतंही एकच दाखवत असेल बघा.”

“तरीच! काल मला वाटलं, आपली भुतं गेली कुठे?”

“आता किल्लीतच नंबर जोडते. नुसतं ‘राजा’ नाही, ‘राजा’ आणि पुढे त्याचा बिल्ला. म्हणजे प्रत्येकाची किल्ली वेगळी. मग विचारायचं, ‘राजा’पासून सुरू होणाऱ्या सगळ्या किल्ल्या दाखव.”

तिने कॉम्प्युटरकडून सगळ्या नोंदींच्या नव्या किल्ल्या करून घेतल्या. बाई स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होत्या. मामा पडद्याकडे बघतच नव्हते.

आणि पडद्यावर एकाखाली एक राजे उभे राहिले!

मामा नंबर ओरडू लागले, टकळी पेट्यांमधून पळू लागली. लाल निघाला, जांभळा निघाला. तिसरा अंगाला लावून ती म्हणाली, “हा आखूड आहे हो.”

“धाकट्याला घाला,” बाई उठत म्हणाल्या. “नाहीतरी त्याला राज्य मिळत नाही.”

संध्याकाळी मामा-भाची शेवटच्या रांगेत बसले होते. तिघे भाऊ गादीसाठी तलवारी उपसून उभे राहिले. सगळं नाट्यगृह चिडीचूप, आणि टकळी तोंडावर रुमाल दाबून हसतेय. तिच्याकडे बघून मामांनाही आवरेना. पुढचे लोक वळून बघायला लागले, तसे दोघं खाली वाकून हसत राहिले.

पुढच्याच आठवड्यात ती परदेशी नोकरीला निघाली. विमानतळावर जाताना टॅक्सी दुकानाशी थांबवून ती दारात डोकावली.

“मामा, राजे आले का परत?”

“दोन आले. तिसरा इस्त्रीवाल्याकडे आहे.”

“मग ‘इस्त्री’ची पण एक किल्ली करून देऊ का? दोन मिनिटांचं काम.”

“नको गं. तेवढं राहतं माझ्या लक्षात. जा आता, टॅक्सीवाला खोळंबलाय.”